ज्युदो शिकायचाय, पण पडायची भीती वाटते: खेळ की युद्धकला, आणि सुरुवात कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, अंगाला व्यायामाची सवय नाही, डाव्या गुडघ्याला जुनी दुखापत. ज्युदो हा नुसता खेळ आहे की खरी युद्धकला? ठोसे नाहीत, लाथा नाहीत, आता तर स्पर्धेत समोरच्याचा पाय हातानं धरायलाही बंदी, मग वेळ आली तर त्याचा उपयोग काय? या वयात सुरू करून काही हाती लागेल का? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ: "खरं सांगायचं तर मला पडायची फार भीती वाटते."

मी २३ वर्षं ज्युदो करते आहे आणि त्यातली ११ वर्षं नवख्या मोठ्या माणसांना शिकवते आहे. स्पर्धा खेळले तेव्हा ५२ किलोखालच्या गटात होते, त्यामुळे आयुष्यभर बहुतेक सराव माझ्यापेक्षा जड माणसांशीच झाला. त्या अनुभवावरून सांगते, तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. 'नुसता खेळ आहे' असं कुणी सांगितलं, की ती भीती ओलांडायचं कारणच उरणार नाही, म्हणून आधीचा प्रश्न इतका महत्त्वाचा वाटतो. असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ मोठ्या माणसांना हीच भीती असते आणि बहुतेक जण ती बोलून दाखवत नाहीत. तुम्ही दाखवलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं.

माझ्या मते दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, आणि त्यासाठी ज्युदो कसा घडला ते थोडं पाहावं लागेल.

जिगोरो कानो यांचा जन्म १८६०चा. चणीनं लहान, शाळेत दांडग्या मुलांचा त्रास सोसलेले. अंगात बळ नसताना बळकटाला कसं हरवायचं, या ओढीनं ते जुजुत्सूकडे, म्हणजे जपानच्या जुन्या झुंजविद्येकडे वळले. तो काळ जुजुत्सूला उतरती कळा लागल्याचा होता. समुराईंची सद्दी संपली होती, जुन्या विद्या मागासलेल्या ठरत होत्या, गुरू शोधायलाही वणवण करावी लागे. १८७७मध्ये ते तेन्जिन शिन्यो-र्यू परंपरेतल्या फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे शिकू लागले. पुढे त्याच परंपरेतले इसो मासातोमो आणि नंतर कितो-र्यूचे ईइकुबो त्सुनेतोशी हे त्यांचे गुरू झाले. १८८२मध्ये तोक्योतल्या एइशो-जी या बौद्ध मंदिरात १२ तातामींच्या (जपानी चटयांच्या) जागेत, म्हणजे साधारण २० चौरस मीटरमध्ये, त्यांनी स्वतःची शाळा काढली. तीच कोदोकान. शिष्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि कानोंचं वय २१.

त्या २० चौरस मीटरमध्ये त्यांनी जे केलं, ते तुमच्या प्रश्नाच्या थेट मुळाशी आहे. जुजुत्सूत ठोसे होते, बोटं मुरगळणं होतं, मनगट-मान मोडणारे डाव होते. कानोंनी हे सगळं मुक्त सरावातून बाजूला काढलं आणि ठरलेल्या क्रमानं करायच्या 'काता'मध्ये जपून ठेवलं. मुक्त सरावाला 'रांदोरी' म्हणतात. त्यात समोरचा माणूस पूर्ण विरोध करत असतो आणि तुम्ही त्याला पूर्ण ताकदीनं पाडायला बघत असता. रांदोरी त्यांच्या गुरूंकडेही होती, पण कानोंनी ती शिक्षणाच्या मध्यभागी आणली. ज्या डावानं जोडीदार जायबंदी होतो तो डाव रोज खरोखर करता येत नाही. करण्याचा आव आणता येतो, इतकंच. याउलट फेक, जमिनीवरची पकड, गळ्याची आवळ, कोपराचा सांधा ताणणं, या गोष्टी दोघांनाही येत असतील तर हजारो वेळा खऱ्याखुऱ्या करता येतात. धोक्याच्या गोष्टी काढून टाकल्यामुळे ज्युदो पातळ झाला, असं बाहेरून वाटतं. मला उलट वाटतं. त्या काढल्या म्हणून त्याला धार आली.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक गृहस्थ आले होते. दुसऱ्या एका कलेत आठ वर्षं केवळ ठरलेल्या हालचाली केलेले. हालचाली देखण्या, मेहनतही खरी. मी त्यांची बाही धरली आणि फक्त विरोध केला, तर त्यांना पुढचं पाऊल सुचेना. दोष त्यांचा नव्हता. विरोध करणारं अंग हाताला कसं लागतं, हे त्यांना आठ वर्षांत कुणी अनुभवूच दिलं नव्हतं. पुढे ते ज्युदोत छान रमले.

आता पायाला हात लावण्याच्या बंदीबद्दल, कारण तुमचा आक्षेप तिथे आहे आणि तो पोकळ नाही. फुकुदांच्या शाळेत कानोंना एक अंगानं मोठा सहाध्यायी काही केल्या पडत नव्हता. त्यांनी आधी सुमोचे डाव तपासले, मग पाश्चात्य कुस्तीवरचं पुस्तक चाळलं, आणि प्रतिस्पर्ध्याला पायाकडून उचलून खांद्यावर आडवं घेणारा डाव शोधून त्याला पाडलं. तोच पुढे 'काता-गुरुमा' झाला. म्हणजे हाताने पाय धरणं ज्युदोच्या जन्माइतकं जुनं आहे. स्पर्धेत त्यावर २०१०मध्ये बंधनं आली आणि २०१३पासून ते पूर्ण बंद झालं. खेळाडू कमरेत वाकून, लांब राहून नुसते पायांवर झेपावू लागले होते आणि उभ्यानं होणारी मोठी फेक दिसेनाशी होत होती. ते थांबवायचं होतं आणि ते थांबलंही. तरी मला स्वतःला ही बंदी जास्त कडक वाटते. पण हा नियम स्पर्धेचा आहे, हे विसरू नका. वर्गात पाय धरणं आणि त्याचा बचाव शिकवायला कुणाचीही आडकाठी नाही. मी दोन्ही शिकवते, आणि चांगले प्रशिक्षक शिकवतात.

काही बंद्या मात्र शंभर टक्के योग्य आहेत. 'कानी-बासामी' नावाचा डाव होता: आपल्या दोन्ही पायांची कात्री करून त्यात प्रतिस्पर्ध्याचे पाय अडकवायचे आणि त्याला पाडायचं. १९८०मध्ये जपानमधल्या एका सामन्यात त्या डावानं नामवंत ज्युदोपटू यासुहिरो यामाशिता यांच्या पायाचं हाड मोडलं. आज तो स्पर्धेत निषिद्ध आहे. माझ्या मॅटवर सरावातही नाही.

इथवरचं सूत्र एवढंच: खेळाचे नियम जोडीदार दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला यावा म्हणून आहेत, आणि जोडीदार पुन्हा येतो म्हणूनच युद्धकला अंगात मुरते.

आता तंत्राचा गाभा. 'जू' म्हणजे मृदू, वाकणारं. 'दो' म्हणजे मार्ग. कानो हे आकड्यांत समजावत. समजा समोरच्याची ताकद १० आणि माझी ७. तो पूर्ण जोरानं ढकलतोय आणि मी पूर्ण जोरानं अडवतेय, तर मी मागे जाणार, कदाचित पडणारही. पण मी अडवण्याऐवजी त्याच्या ढकलण्याइतकीच मागे सरकले आणि माझा तोल राखला, तर तो पुढे झुकतो. त्या अवघडलेल्या अवस्थेत त्याच्या १०पैकी समजा ३च कामाला येते, माझी मात्र ७ शाबूत असते. मग त्यातली निम्मीही पुरते.

हे ऐकायला सोपं आहे, हाताला यायला वर्षं लागतात. प्रत्येक फेकीचे तीन टप्पे: 'कुझुशी' म्हणजे तोल मोडणं, 'त्सुकुरी' म्हणजे आपलं अंग योग्य जागी नेणं, 'काके' म्हणजे प्रत्यक्ष फेक. नवखे सगळे काकेच्या मागे असतात, कारण डोळ्यांना तेवढंच दिसतं. तुम्ही कोणाला कमरेवर घेताय आणि तो दगडासारखा जड लागतोय, तर बहुतेक वेळा तुमची कंबर कमजोर नसते, त्याचा तोल मोडलेला नसतो. त्याचं वजन अजून त्याच्या टाचांवर असतं. तेच वजन पायाच्या बोटांवर आलं की ९० किलोचा माणूस माझ्यासारखीलाही उचलता येतो. हा क्षण पहिल्यांदा हाताला लागतो तेव्हा माणसाचा चेहरा बदलतो. तो चेहरा बघण्यासाठी मी अजून नवख्यांचा वर्ग घेते.

तरीही प्रामाणिकपणे सांगायला हवं: ताकद आणि वजन यांना किंमत असतेच. १९६४च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला. तिथे वजनाचं बंधन नसलेल्या खुल्या गटात नेदरलँड्सच्या धिप्पाड आंतोन खेसिंक यांनी जपानच्या आकिओ कामिनागा यांना त्यांच्याच देशात जमिनीवर दाबून हरवलं. खेसिंक नुसते मोठे नव्हते, तंत्रातही पक्के होते, आणि तंत्र सारखंच असेल तर मोठं अंग भारी पडतं. म्हणून आज पुरुषांचे ६० किलोपासून १०० किलोवरपर्यंत आणि स्त्रियांचे ४८पासून ७८वरपर्यंत सात-सात गट आहेत. (स्त्रियांना ऑलिंपिकचं पदक मिळण्यासाठी १९९२च्या बार्सिलोनापर्यंत थांबावं लागलं. १९८८मध्ये त्यांचे सामने फक्त प्रदर्शनीय होते.)

स्पर्धा बघताना गोंधळ होऊ नये म्हणून नियम चटकन सांगते. सामना चार मिनिटांचा. जोरात, वेगानं, ताब्यात ठेवून पाठीवर फेकलं तर 'इप्पोन' आणि सामना तिथेच संपला. जमिनीवर २० सेकंद दाबून धरलं, किंवा गळ्याच्या आवळीनं अथवा कोपराच्या डावानं शरण आणलं, तरी इप्पोन. थोडी कमी पडलेली फेक किंवा १० सेकंदांची पकड म्हणजे 'वाझा-आरी', आणि दोन वाझा-आरींचा एक इप्पोन. 'युको' हा त्याहून लहान गुण २०२५पासून परत आला आहे. बरोबरी झाली तर वेळेची मर्यादा नसलेला 'गोल्डन स्कोअर'. नियमभंगाला 'शिदो' मिळतो. तिसऱ्या शिदोला सामना गेला. एवढं माहीत असलं की सामना कळायला लागतो.

आता पडण्याकडे येऊ.

पडण्याच्या तंत्राला 'उकेमी' म्हणतात, आणि माझ्या वर्गात पहिले सहा ते आठ आठवडे मुख्य शिक्षण तेच असतं. माणूस पडताना दोन चुका उपजत करतो: हात टेकतो आणि डोकं मागे जाऊ देतो. पहिलीनं मनगट, कोपर किंवा गळपट्टीचं हाड जातं. दुसरी त्याहून कितीतरी गंभीर. मी सुरुवातीला, तिसऱ्या महिन्यात, पायाच्या साध्या झाडणीवर हात टेकला आणि मनगट मोडून घेतलं. पाच आठवडे प्लास्टरमध्ये होते. डाव टाकणाऱ्याची काही चूक नव्हती. मी उकेमी दोन आठवड्यांत 'आटपून' फेकी शिकायच्या घाईत होते आणि अंगात ती मुरलीच नव्हती.

मुरते कशी, ते सांगते. आधी पाठीवर आडवं पडून फक्त हनुवटी छातीशी आणायची आणि नजर पट्ट्याच्या गाठीवर. हात शरीरापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर, तळवे खाली, संपूर्ण हातानं मॅटवर थाप. थापेचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. धक्का मोठ्या भागावर पसरतो, आणि हात कामाला लागल्यामुळे तो खाली टेकायला मोकळा राहत नाही. त्याच क्षणी श्वास सोडायचा. मग बसून मागे पडायचं, मग उकिडवं बसून, मग उभ्यानं. मग कुशीवर. मग खांद्यावरून पुढे गोल लोळण, जी मोठ्या माणसांना सगळ्यात जड जाते, म्हणून मी ती एका गुडघ्यावर बसवून सुरू करते. यानंतर कुठे जोडीदार हळूच पाडतो, तेही बाही न सोडता. फेकणाऱ्याने बाहीचा हात शेवटपर्यंत वर ओढून धरला, तर पडणाऱ्याचं डोकं मॅटपासून दूर राहतं. म्हणून मी म्हणते, निम्मी उकेमी पडणाऱ्याची असते आणि निम्मी फेकणाऱ्याची.

नवख्यांच्या बाबतीत मला एका डावाची विशेष काळजी वाटते: 'ओ-सोतो-गारी'. समोरच्याच्या पायामागे आपला पाय घालून त्याला मागे पाडायचं. शिकवायला सोपा म्हणून अनेक ठिकाणी हाच पहिला शिकवतात. पण यात माणूस सरळ मागे जातो, आणि उकेमी कच्ची असेल तर डोक्याचा मागचा भाग आपटतो. मी पहिली फेक म्हणून 'ओ-गोशी' शिकवते. त्यात माणूस कमरेवरून येतो, वेग फेकणाऱ्याच्या ताब्यात राहतो. डोक्याला मार लागला, गरगरलं, मळमळलं, काही क्षण काही कळेनासं झालं, तर त्या दिवशीचा सराव तिथेच बंद आणि थेट डॉक्टर. 'जरा बसतो, मग पुन्हा येतो' हे माझ्या मॅटवर चालत नाही.

भीती कधी जाते? आठवड्यातून दोनदा आलात तर साधारण दोन महिन्यांत ती आटोक्यात येते, असं मी पाहिलं आहे. पूर्ण जात नाही आणि जाऊही नये. वय, वजन, मानेचा-पाठीचा इतिहास, मॅटची जाडी आणि तिच्याखालची जमीन, शिकवणाऱ्याचा धीर, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. विरोध करणाऱ्या माणसावर एखादा डाव खरोखर लागायला मात्र वर्ष धरून चाला. तोवर 'उची-कोमी' करायची, म्हणजे फेकीच्या उंबरठ्यापर्यंत पुन्हा पुन्हा जायचं. शिवाय जमिनीवरचा सराव आहेच. त्यात उंचावरून पडणं नसतं, म्हणून तुमच्यासारख्यांना मी तिथे लवकर रमवते. अडकलात तर हाताने दोनदा थापटायचं, समोरचा तत्क्षणी सोडतो.

स्वसंरक्षणाचं काय? कोणी कॉलर धरली, मिठी मारली, ढकललं, तर ज्युदो करणारा माणूस गोंधळत नाही. त्याच्यासाठी ती रोजची परिस्थिती असते. कडक जमिनीवर एक स्वच्छ फेक फार भयंकर ठरू शकते, म्हणून ती सांभाळूनच वापरायची असते. ठोसे चुकवणं मात्र रांदोरीत शिकायला मिळत नाही. कोदोकाननं १९५६मध्ये स्वसंरक्षणाचा वेगळा काता बसवला, 'कोदोकान गोशिन-जुत्सू', ज्यात चाकू, काठी, पिस्तूल यांविरुद्धचे बचाव आहेत. तो मी शिकवते, पण सोबत हेही सांगते की चाकू दिसला तर पहिला उपाय पळणं. ठोशांची खरी तयारी हवी असेल तर वर्षभरानं जोडीला बॉक्सिंग घ्या. आणि तुम्ही विचारात न घेतलेली एक गोष्ट: मारामारीपेक्षा घसरून पडण्याची वेळ आयुष्यात कितीतरी जास्त येते. माझे साठीला आलेले एक विद्यार्थी ओल्या जिन्यावरून घसरले. खांदा काळानिळा झाला, डोकं शाबूत राहिलं. हनुवटी आपोआप छातीशी गेली, असं ते म्हणाले.

वर्ग निवडताना एकदा नुसते बसून बघा. पट्ट्यांचे रंग बघू नका. 'दान', म्हणजे काळ्या पट्ट्याच्या श्रेणींची कल्पना कानोंनी 'गो' या पटावरच्या खेळातून घेतली आणि रंगीत पट्टे तर पुढे युरोपात रुळले. बघायचं ते हे: जुने लोक नवख्याला फेकताना बाही धरून ठेवतात का? थापटल्याबरोबर सोडतात का? 'आज रांदोरी नको' म्हणणाऱ्याला तसं बसू देतात का? मुलांच्या वर्गात प्रशिक्षक पदकांसाठी ओरडतो का? जपानच्या ज्युदो महासंघानं २०२२मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली, कारण लहान वयात जिंकण्याची हाव मुलांना आणि खेळाला घातक ठरत होती. जिथे ज्युदो जन्मला तिथे हे पाऊल उचलावं लागलं, याचा मी शिकवताना रोज विचार करते.

राहिला तुमचा गुडघा. आधी हाडांच्या डॉक्टरांना नेमकं विचारा: पाय जमिनीवर टेकलेला असताना गुडघ्याला पीळ बसला तर चालेल का? ज्युदोत गुडघा बहुतेक वेळा तिथेच दुखावतो. उजव्या पकडीनं शिकणाऱ्याच्या अनेक फेकींत, ओ-सोतो-गारी, 'उची-माता', 'हाराई-गोशी' वगैरेंत, सगळा भार डाव्या पायावर येतो, आणि तुमचा दुखरा गुडघा डावाच आहे. डॉक्टरांची परवानगी मिळाली, तर प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी विचारा की सुरुवातीपासून डाव्या पकडीनं शिकता येईल का, म्हणजे उभा राहणारा पाय उजवा होईल. उजव्या हाताच्या माणसांनीही असं केलेलं मी पाहिलं आहे. चार-सहा आठवडे अवघड जातं, मग अंगवळणी पडतं. शिवाय प्रत्येक रांदोरीआधी जोडीदाराला मोठ्यानं सांगा: "डावा गुडघा दुखरा आहे, 'तानी-ओतोशी' नको." तो डाव बाजूनं बसकण मारून टाकतात, आणि चुकला तर फेकणाऱ्याचं अख्खं वजन समोरच्याच्या गुडघ्यावर येतं. दुखापत अस्थिबंधाची होती की कूर्चेची, आणि आता पूर्ण बसता-उठता येतं का, एवढं कळवलंत तर पहिल्या दोन महिन्यांत काय टाळायचं ते मी नेमकं सांगू शकेन.